कडू लागेपर्यंत

१६ मार्च, रविवार

मिथुनने आज बाबाच्या डोळ्यात औषध घातलं ते मी पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बाटली. बाटलीचं टोक सरळ पापणीला टेकवलं. तिथे सकाळची पिवळी चिपडं अजून तशीच होती. मग तेच टोक न पुसता टोपण लावून बाटली फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. मी बोलले तर म्हणाला, "त्याचीच घाण, त्याच्याच डोळ्यात. तुझं काय जातं?" भाऊ आहे म्हणून लिहीत नाही काय वाटलं ते.

बाबाला काचबिंदू आहे. शुक्रवारी नेरूळच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. डोळ्यातलं प्रेशर उजव्यात एकोणतीस, डाव्यात एकतीस. कडेची नजर थोडी गेली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची, जन्मभर. मला गोदामातून सुट्टी मिळाली नाही म्हणून मिथुन गेला होता. चिठ्ठीवर टिमोलॉल, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, सकाळ-संध्याकाळ. आणखी काय म्हणाल्या विचारलं तर डोकं खाजवत म्हणाला, हृदयाचं काही आहे का, दमा आहे का विचारलं, नाही म्हणून सांगितलं. आणि थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा.

ज्या डोळ्यात आधीच प्रेशर वाढलंय तो वरून दाबायचा? मिथुनवर विश्वास ठेवायचा म्हणजे कमाल आहे. मी औषधांच्या गोदामात दिवसभर बॅच नंबर आणि तारखा तपासते, मला हे कळतं. उद्यापासून औषध मी घालणार. घरात कुणालाच वाईट वाटलं नाही.

१९ मार्च, बुधवार

बाटली नवी आणली. हात साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याच्या कापसाने त्याच्या पापण्या पुसते. त्या कापसावर जे येतं ते पाहून तोंड फिरवते, तरी पुसते. अडचण वेगळीच आहे. बाबा ऐन वेळी डोळा मिटतो. थेंब गालावर ओघळतो. आत किती गेला, बाहेर किती, कसं सांगणार? आज सकाळी बसमध्ये हेच डोक्यात. अर्धाच थेंब गेला असेल तर प्रेशर अर्धंच उतरेल, आणि नजर जाईल ती माझ्या हातून जाईल.

संध्याकाळी बाबाला तसं म्हटलं. तो हसला. मी तिसरा थेंब घातला तेव्हा त्याने गिळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आला बघ. घशात कडू आला. डोल्यातना घशात उतरला म्हनजे पोचलाच ना?"

बाबा तरुणपणी मिठागरावर होता. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, आणि मीठ धरायला ते तयार झालं का, हे जिभेला लावून ठरवायचं. पाणी दिसायला सगळीकडे सारखंच. "डोला फसतो, बाय. जीब नाय फसत." हे मी लहानपणापासून ऐकत आले.

मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. शाळा ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे. त्या रस्त्यावर आत्याचा मुलगा ट्रकखाली गेला तेव्हा बाबाने ठरवलं, पोरगी रस्ता ओलांडण्याएवढी होईपर्यंत शाळा घरातच. परातीत मीठ पसरून त्याने मला अक्षरं शिकवली. बेरीज वरून खाली करायची, मग खालून वर. दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय उठायचं नाही. मला जी काही शिस्त आहे ती तिथली.

म्हणजे उपाय सापडला. कडू लागेपर्यंत थेंब घालायचे. लागलं की थांबायचं.

३० मार्च, पाडवा

आईने सगळ्यांच्या हातावर कडुनिंबाची पानं ठेवली. बाबा म्हणाला, "मना कशाला? माजा रोज दोनदा पाडवा व्हतो." सगळे हसले. मीही हसले.

वहीत रकाने आखलेत. तारीख, वेळ, उजवा, डावा. सकाळ ३-२, संध्याकाळ ३-४. एकही वेळ चुकलेली नाही. पहिल्या दिवसांत दोन-तीन थेंबांत चव यायची, आता तीन-चार लागतात. सवय होत असेल जिभेला. दुसरी बाटलीही संपली. मेडिकलवाला म्हणाला, "घरात दोघांना आहे का? एवढ्या लवकर?" मी त्याला सांगितलं, आमच्याकडे औषध चुकवत नाहीत. लोक महिना महिना एकच बाटली पुरवतात आणि मग आंधळे होतात, वर नशिबाला बोल लावतात.

बाबाचे हात गार लागतात. एवढ्या उन्हाळ्यात.

८ एप्रिल, मंगळवार

बाबा दिवसभर झोपून असतो. वरच्या माळ्यावरचा भाडेकरू नळ गळतोय म्हणून तीनदा आला, बाबा ओट्यावर बसून "बगतो" म्हणाला आणि तिथेच डुलक्या घेऊ लागला. तोंड उघडं, ओठाच्या कडेला लाळ, त्यावर माशी. पूर्वी हा माणूस सकाळी उठून पाण्याची टाकी स्वतः घासायचा. आता विचारलेल्याचं उत्तर द्यायला एवढा वेळ लावतो की मला वाटतं त्याला हलवावं. आई म्हणते, वय झालं. बासष्ट म्हणजे काय वय?

एक गोष्ट लिहून ठेवते. अलीकडे त्याच्या खिशात सतत बडीशेप असते. औषध घालून मी वळले की लगेच मूठभर तोंडात.

११ एप्रिल, शुक्रवार

आज जिन्यात पडला. चार पायऱ्या. गुडघा फुटला. "तोल गेला," म्हणाला. डोळे नुसते फिरत होते. मी उठवायला वाकले तर तोंडाला बडीशेपेचा वास.

हा वास मी ओळखते. मी सतरा वर्षांची होईपर्यंत तो रोज बडीशेप खाऊन घरी यायचा. बडीशेप आणि तिच्याखाली दारू. एकदा ग्रामपंचायतीच्या जुन्या नाल्यात सापडला होता, आणि मी आणि आईने त्याला बादल्या ओतून धुतलं होतं, चौकातल्या बायका बघत असताना. त्यानंतर त्याने माळ घातली. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले, माझ्या बाबाने एका दिवसात सोडली.

आज बडीशेपेखालचा वास आला नाही. पण आता न येणाऱ्याही मिळत असतील.

१३ एप्रिल, रविवार

मिथुनने कोरोनातलं बोटाला लावायचं यंत्र शोधून दिलं. ऑक्सिजन सत्त्याण्णव, उत्तम. खाली ठोक्यांचा आकडा त्रेचाळीस. मी सेल बदलले. पुन्हा चव्वेचाळीस. माझं बोट घातलं तर ब्याण्णव, मिथुनचं अठ्ठ्याहत्तर. बाबाची बोटं मिठागरात काम करून जाड झालीत, उजेड आरपार जात नसेल. पाच वर्षं खणात पडलेलं यंत्र. मी ते परत ठेवून दिलं. म्हणजे आजार नाही. मग उरतं एकच.

२७ एप्रिल, रविवार

घरात कुणी नसताना मी सगळं शोधलं. पलंगाखाली, टाकीमागे, गच्चीवरच्या पत्र्याखाली, त्याच्या चपलांच्या खोक्यात. गच्चीवर मेलेली पाल आणि कबुतरांची घाण हाताला लागली. दोनदा आंघोळ केली. काही सापडलं नाही. इतका चलाख झालाय की स्वतःच्या घरात पुरावा ठेवत नाही.

संध्याकाळी थेंब घातले, ५-४. "कडू लागलं?" "लागला." आम्ही दिवसातून एवढंच बोलतो आता. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही मला. सकाळ-संध्याकाळ त्याच तोंडावर वाकावं लागतं.

५ मे, सोमवार

काल प्रीतमची हळद होती, काकाच्या धाकट्याची. बँजो, मांडव, बाराशे माणूस, टेबलाखाली दारूचे खोके. मला या हळदीचा पहिल्यापासून तिटकारा आहे. नवऱ्याला हळद लागायच्या आधी पाहुण्यांचे पाय वाकडे. मटणाच्या रश्श्याचा, पिवळ्या पाण्याचा आणि दारूचा मिळून एक वास असतो, तो कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही.

बाबा खुर्चीत बसला होता. हातात लिंबू सरबत, मी स्वतः दिलेलं. पुतण्या नाचायला ओढायला आला, बाबा उठून उभा राहिला, एक क्षण हसला, आणि आडवा झाला. उष्ट्या पत्रावळ्यांच्या टोपलीवर. हाडं, भात, सगळं अंगावर. मी पोचेपर्यंत लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "नामाशेटनी नव वरसांचा उपास सोरला." बँजोवाल्याने त्यावर एक तुकडा वाजवला. हौसेराव काकाने त्याच्या तोंडावर सोड्याची बाटली उडवली, शुद्धीवर आणायला म्हणे, आणि तो डोळे चोळत उठून बसला तेव्हा पुन्हा हशा.

मी सगळ्यांच्या समोर त्याचा जबडा धरला आणि वास घेतला. बडीशेप. म्हटलं, "पिलास ना?"

"नाय, बाय."

"खोटारडा."

हे मी बाराशे माणसांत म्हणाले. त्याने मान खाली घातली. कॉलरवरून भाताची शितं मला काढावी लागली. घरी आणून पुसला, धुतला, नऊ वर्षांपूर्वीसारखा. मग थेंब. चव लागेना म्हणाला, पाच घातले तरी. सहाव्याला लागली.

मिथुनने पडतानाचा व्हिडिओ काढलाय. त्यावर गाणं चढवून घरच्या ग्रुपवर टाकलाय. साठ-सत्तर हसरे चेहरे. मी बोलले तर म्हणतो, टेन्शन नको घेऊ, मजा आहे.

६ मे, मंगळवार

सकाळी थेंब घालायला गेले तर बाबा आधीच उठून बसला होता. मी वही उघडली. त्याने गळ्यातली माळ डोक्यावरून काढली आणि वहीवर ठेवली, आजच्या रकान्यावर.

"तुजा इश्वास नाय. मंग ही गल्यान कशाला?"

थेंब घातले, ४-५. माळ खणात टाकली, त्या बिघडलेल्या यंत्राशेजारी. मणी तेलकट लागत होते. हात साबणाने धुतले आणि मगच डबा भरला.

८ मे, गुरुवार

सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

आज तपासणी. सुट्टी घेऊन मीच गेले. रिक्षात बाबा कडेच्या दांडीला डोकं लावून बसला होता, आमच्यात एक हात अंतर. डॉक्टरबाईंनी प्रेशर मोजलं. उजवा तेरा, डावा चौदा. त्या खूश झाल्या. मीही. सात आठवडे अंगावर शिसारी घेऊन केलेल्या कामाचे दोन आकडे होते ते. मी वही पुढे केली, न विचारता. एकही वेळ चुकली नाही, म्हटलं.

त्या पानं उलटत गेल्या. मग उलटणं हळू झालं.

"हे तीन, चार, पाच काय आहे?"

"थेंब."

"प्रत्येक डोळ्यात? दोन्ही वेळा?"

"कडू लागेपर्यंत घालते. म्हणजे पोचल्याची खात्री होते."

त्यांनी वही मिटली आणि बाबाचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडे बघत राहिल्या. एक मिनिट एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

"अडतीस. चक्कर येते का? पडलात कधी?"

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पडतो. पितो तो."

"कुणी सांगितलं?"

मी बाबाच्या बडीशेपेच्या खिशाकडे पाहिलं.

त्यांनी शांतपणे समजावलं, त्यानेच जास्त लागलं. डोळ्यात एकच थेंब मावतो, बाकीचा वाहून जातो. नाकाजवळच्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं, तिथून औषध नाकात, घशात उतरतं आणि रक्तात जातं. हे औषध डोळ्यातलं प्रेशर उतरवतं तसं रक्तात गेलं की हृदयही हळू करतं. माणूस थकतो, गार पडतो, उदास होतो, उभा राहिला की कोसळतो. तो कोपरा दाबायला सांगतात तो ह्यासाठी. "कडू लागलं म्हणजे औषध डोळ्यातून निघून गेलं. चव यायलाच नको. तुमच्या भावाला मी करून दाखवलं होतं."

मिथुनने मला सांगितलं होतं. शब्द न शब्द बरोबर.

मी विचारलं, मग बडीशेप? का विचारलं कुणास ठाऊक. बाबाच म्हणाला, "कडू जाया पायजे ना तोंडातला. दिसभर रहातो."

मग तो डॉक्टरबाईंकडे वळला. "पोरीची चूक नाय, बाई. मीच सांगितला, जीब फसत नाय." आणि पुढे म्हणाला, "फसली पन नाय. पानी कुठं चाललाय ता बराबर सांगत व्हती. आमालाच कलला नाय."

त्याला तिथून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. छातीला तारा. पडद्यावर हिरवा आकडा, एकेचाळीस. मी पर्समधून बोटाचं यंत्र काढलं. का घेऊन गेले होते तेही माहीत नाही. सकाळी खणातून माळ आणि हे यंत्र, दोन्ही उचलली होती. त्याच्या बोटाला लावलं. एकेचाळीस. ते कधी बिघडलंच नव्हतं.

बाथरूममध्ये जाऊन ओकले.

१० मे, शनिवार

काल अठ्ठेचाळीस, आज छप्पन्न. औषध अंगातून उतरतंय. दुसरं काही निघालं नाही तर छातीत पेसमेकर वगैरे बसवावा लागणार नाही म्हणतात. बाबाने आज इडली मागितली आणि ती गार आहे म्हणून कुरकुरला. महिनाभरात त्याने कशाबद्दल कुरकूर केली नव्हती. त्याचं ते मुकाट सोसणं मला पिणाऱ्याचा अपराधीपणा वाटत होतं.

मिथुनने व्हिडिओ काढून टाकला. पण प्रीतमच्या मित्रांनी त्याचं स्टिकर केलंय, बाबा टोपलीवर पडतानाचं. ते आता कुणाकुणाकडे आहे कोण जाणे. मिथुनला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने फक्त चित्र काढलं. बाटली माझ्या हातात होती.

आई डबा घेऊन आली तेव्हा तिला विचारलं, तुला वाटलं होतं का तो पितो म्हणून.

"नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तीस वरसां बाजूला झोपतंय. पिलेला नि नाय पिलेला मना कलत नाय?" ती डब्याचं झाकण पुसत राहिली. "पन तुज्या वहीत सगला लिवलेला असतां ना. मी अडानी काय सांगू?"

माझ्या वहीत. अक्षर किती सुंदर आहे माझं. सरळ रेषा, एकही खाडाखोड नाही. सात आठवडे एका माणसाला थोडं थोडं मारत होते त्याची नोंद. ती उघडली की बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटतं.

१४ मे, बुधवार

बाबा काल घरी आला. ठोके चौसष्ट. नवं औषध दिलंय, वेगळ्या जातीचं, संध्याकाळी एकदा, एकच थेंब. मी मिथुनला म्हटलं, तू घाल. तो तयार झाला, हातही धुतले त्याने. पण बाबा म्हणाला, "तिला बोलव."

दिवे लागायच्या वेळेला गेले. पापण्या पुसल्या. माळ मी ओढणीच्या टोकाला बांधून आणली होती, आधी ती द्यावी म्हणून गाठ सोडली. त्याने घेतली नाही. "आदी थेंब," म्हणाला.

एक थेंब. त्याने डोळा मिटला. थोडं पाणी गालावर ओघळलं, आणि माझा हात सवयीने पुन्हा बाटलीकडे गेला. मागे घेतला. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाबलं. कातडीखाली बारीक हाड, आणि त्याच्यावर माझ्याच बोटाचा ठोका की त्याचा, कळेना. मग दुसऱ्या डोळ्यात एक, आणि तसंच. भिंतीवरच्या घड्याळात दोन-दोन मिनिटं.

"कडू लागलं?"

"नाय."

आत किती गेलं, बाहेर किती, मला माहीत नव्हतं. ताडून बघायला काहीच नव्हतं, तो म्हणाला तेवढंच. मी मोकळ्या हाताने बाटलीला टोपण लावलं.

बोट काढायच्या आधीच, डोळे मिटलेलेच ठेवून, त्याने हात पुढे केला. "आथा दे ती."